एक्केचाळीस वेळा मेलेला विक्रम

“एक्केचाळीस वेळा मेलास तू,” रचना म्हणाली. “ते पण पहिल्याच लढाईत. लाज न्हाय वाटत, अण्णा?”

विक्रमनं कपबशी खाली ठेवली. “अवघड हाय की गं,” म्हणाला आणि माग चालू करायला आत गेला.

मेला होता तो खेळात. वडगावातल्या त्या घरात पुढच्या खोलीत रचनाचा कॉम्प्युटर आणि मागच्या खोलीत विक्रमचे दोन यंत्रमाग. बहीण कॉम्प्युटरचे खेळ बनवायची. भाऊ साड्या विणायचा आणि माग बंद असला की बहिणीचे खेळ खेळून बघायचा. पण दोघांचं कधी पटलं नाही. रचनाला गोष्टीचे खेळ आवडायचे. गावात फिरावं, माणसांशी बोलावं, काय उत्तर द्यायचं ते आपण निवडावं आणि तसं पुढं घडावं. विक्रमला पाहिजे मारामारी. “बोलायला माणसं काय कमी हायत? खेळात तलवार पायजे,” असं त्याचं मत. पडद्यावर कुणी तोंड उघडलं, की हा बटण दाबून पुढं. राजा असो, साधू असो, कुणाचं म्हणून ऐकून घ्यायचा नाही.

रचनानं दोन वर्षं खपून स्वतःचा पहिला मोठा खेळ केला होता. त्यात तलवारीही होत्या आणि बोलणंही. सुरुवात उंबरठ्यावर. नायक घर सोडून निघतो, दारात आई उभी असते. पडद्यावर दोन शब्द येतात, ‘येतो’ आणि ‘जातो’. त्यातला एक निवडायचा आणि बाहेर पडायचं. वेशीवर पहिला दरोडेखोर. तिथं मेलं की परत उंबरठ्यावर. त्या आईचा आवाज यांच्याच आईचा, गुणाबाईंचा. मागाशेजारी सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या, तेव्हा रचनानं फोनवर घेतलेला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, गुणाबाई गेल्या.

बेंगळूरच्या एका कंपनीला खेळ आवडला होता. आज सकाळी त्यांची मेल आली, ती रचनानं चहा पिताना विक्रमलाही वाचून दाखवली. उंबरठा काढून टाका, खेळ थेट लढाईनं सुरू करा, लोकांना गोष्ट नको आहे. आणि पुरावा म्हणून हिनंच पाठवलेला हिशेब हिच्या तोंडावर मारला होता. तेरा जणांनी खेळ तपासला. बारा जण एकदा-दोनदा खेळून थांबले. एकच माणूस पुन्हा पुन्हा आला आणि तो पहिली लढाई एक्केचाळीस वेळा लढला. संध्याकाळी सहापर्यंत बदल करून पाठवा, नाहीतर आम्ही दुसरा खेळ घेतो.

तो एकच माणूस म्हणजे आपले विक्रमराव. घरचाच माणूस कुऱ्हाडीचा दांडा झाला होता, आता कुणावर चिडणार?

दुपारी रचना एकटीच रडली. आईचा आवाज तेवढाच उरला होता. पण दोन वर्षांची मेहनतही डोळ्यांसमोर होती. शेवटी डोळे पुसले आणि मेल लिहून ठेवली, ‘उंबरठा काढला आहे.’ पाठवायच्या आधी एक काम राहिलं होतं. आता लढाईच पहिली येणार. ती एवढी अवघड असेल तर सोपी करायला पाहिजे. अण्णा नेमका कुठं मरतो ते बघू, म्हणून तिनं त्याच्या खेळाची नोंद उघडली. कॉम्प्युटरनं त्याची प्रत्येक हालचाल टिपून ठेवली होती.

दरोडेखोर काठी घेऊन आला. विक्रम नुसता उभा. तलवार काढली नाही, ढाल वर केली नाही. दोन काठ्या खाल्ल्या आणि मेला. दुसऱ्यांदा तेच. दहाव्यांदा तेच. बाकीच्या खेळांत राक्षसांच्या फौजा कापून आरामात चहा पिणारा गडी, आणि इथं एका काठीवाल्यापुढं मान पुढं करून उभा!

“काय सोंग हाय हे?” रचना स्वतःशीच म्हणाली. तिनं नोंद मागं नेली, पार उंबरठ्यापर्यंत.

बाराच्या बारा जणांनी ‘येतो’ निवडलं होतं. निवडणारच. दारातनं निघताना आपल्यात ‘जातो’ कोण म्हणतंय? शेंबडं पोर पण म्हणत नाही. त्या सगळ्यांना आईचं ‘बरं’ एवढंच ऐकू आलं होतं.

विक्रमनं निवडलं होतं ‘जातो’. एक्केचाळीस वेळा ‘जातो’. आणि तिथं पुढं जायचं बटण त्यानं एकदाही दाबलं नव्हतं.

‘जातो’च्या मागं काय ठेवलंय ते रचनाच विसरली होती. सांगितलेलं वाक्य सोडून आई रेकॉर्डिंगच्या वेळी भलतंच बोलली होती. नंतर कापू, म्हणून ते तसंच राहिलं होतं. आता आठवलं.

तिनं लिहिलेली मेल खोडली आणि नवीन लिहिली. ‘उंबरठा राहील. घ्यायचा तर असाच घ्या.’ पाठवली तेव्हा सहाला दहा मिनिटं होती.

आत माग थांबला. विक्रम दारात येऊन उभा राहिला. पडद्याकडं न बघताच त्यानं विचारलं, “उंबरठा काढलास व्हय?”

“न्हाय.”

तो दाराच्या चौकटीला टेकला. तिथंच उभा राहिला. रचनानं आवाज मोठा केला, खेळ सुरू केला आणि ‘जातो’ निवडलं. त्या दिवशीच्या मागाच्या खडखडाटातून गुणाबाई ओरडल्या,

“आरं विक्या, जातो काय म्हणतोस, मुडद्या? आधी माघारी ये. येतो म्हण!”