टिकलीवरचा बुक्का

कपाशी फवारून मृदंगी चिंधूजी तसाच कीर्तनाला आला. कपाळावरची तपासणीची टिकली अजून पांढरी होती. फवारणीचं विष अंगात भिनलं की ती निळी पडते, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक. दारात श्यामरावमामा बुक्का लावत होते.

"मामा, ठसठशीत लावा. देवाला लांबून ओळखू आलो पाहिजे!"

"लबाडा!" म्हणत मामांनी मायेने टिकलीसकट कपाळ काळं केलं.

ऐन गजरात चिंधूजी मृदंगावरच कोसळला. मामांनी घाईघाईने बुक्का पुसला, तर खालची टिकली केव्हाचीच निळीशार झालेली. समोर शंभर माणसं बसली होती, पण दिसणार कुणाला? दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं.

आता मामा बुक्का गळ्याला लावतात. कुणी सवयीने कपाळ पुढे केलं, की ते बोट मागे घेतात.

"कोरंच राहू दे, बाबा. देव ओळखतो तुला."