जाळीचा तळ

नाक दाबा, बाळांनो, पण डोळे उघडे ठेवा. समजा, तुम्ही मोहाडी गावातल्या एका विणकराच्या घरात उभे आहात. आई मागावर कोशाच्या रेशमाची साडी विणते आहे. कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यात दोन गिनिपिग आहेत, सशाहून लहान, बिनशेपटीचे. एक भुरी, एक काळी. त्यांच्याखाली तणस आहे, म्हणजे धानाचा वाळलेला पेंढा. पण ते कुणी बदललेलंच नाही. मुताने भिजून काळं पडलंय. वास थेट डोळ्यांत जातोय.

दहा वर्षांची हर्षा खोक्यात वाकून पाहते आहे. ही जोडी तिचीच. मामाने नागपूरहून आणून दिलेली. तेवढ्यात भुरी मान वाकवते, स्वतःची लेंडी तोंडात घेते आणि शांतपणे चावू लागते.

हर्षा अंगणात धावली आणि भडाभडा ओकली.

"आबा, ते आपलंच गू खाते," ती आजोबांना म्हणाली. "मले हात बी नाही लावायचा तिले."

आजोबा मधुकरराव हसले नाहीत. किळस त्यांनाही आली होती. "खाली राहिलंच नाही, त खाईन कुठून?" ते म्हणाले. जुन्या मागाची लाकडं आणि कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी घेऊन त्यांनी नवा पिंजरा बांधला. वर जाळी, बाजूंना जाळी, तळालाही जाळी. घाण खालच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये पडायची. ट्रे धुतला की झालं. मांजर येऊ नये म्हणून दाराला कडी.

हर्षाची आई दामिनी खूश झाली. घरात कचरा उडाला की तिचा जीव खालीवर व्हायचा. तणसाची एक काडी सुतात शिरली, तर दिवसाचं काम वाया. शेजारच्या सुशीलाबाई मुद्दाम पिंजरा बघायला आल्या. चौफेर वास घेऊन म्हणाल्या, "काहीच येत नाही वो दामिनी. आमच्या घरच्या माणसायपेक्षा साफ आहेत हे."

हर्षा रोज काठीने ट्रे ओढून नळाखाली धरायची. पाला वरून टाकायची. पिंजऱ्यात बोट घालायची गरजच उरली नाही.

मग पुन्हा वास येऊ लागला. ट्रे तर लखलखीत होता. हर्षाने पिंजऱ्याभोवती फिरून हुंगलं. कुजक्या फळासारखा, गोडसर, नकोसा वास. भुरी कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती. समोरचा पाला तसाच सुकला होता.

आजोबांनी तिला उचलून उताणी धरली. तळपाय लाल होऊन सुजले होते. एका पायाची कातडी फाटली होती आणि त्यातून पिवळा पू येत होता. सुजेवर जाळीचे चौकोन उमटले होते.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, औषध दिलं. "हिच्याखाली मऊ आणि कोरडं पाहिजे," त्या म्हणाल्या. "जाळीवर ठेवलं तर आधी पाय जाईल, मग ही जाईल."

हर्षाने हळूच लेंडीचं विचारलं.

"मऊ लेंडी ती खाणारच. तिचं अन्न एका वेळेत नीट पचत नाही, म्हणून ती ते दुसऱ्यांदा खाते. आणि ती लेंडी खाली पडायच्या आधीच तोंडात घेते. जाळीने काही थांबलं नव्हतं. तुम्ही फक्त बघणं सोडलं होतं."

घरी आल्यावर दामिनीने सगळं ऐकून घेतलं, पण माग थांबवला नाही. "तणस या खोलीत येणार नाही. साडी अर्ध्यावर आहे माझी."

"मग बाहेर ठेवू का?" आजोबा म्हणाले.

"ठेवा न."

"बाहेर मांजर आहे. जाळीतून पंजा घालते," आजोबांनीच आठवण करून दिली.

माग खटखट वाजत राहिला.

हर्षा मागाशेजारी जमिनीवर बसली होती. फडक्यात गुंडाळलेली भुरी तिच्या मांडीवर होती. आईचे अनवाणी पाय तिच्या डोळ्यांसमोर खालीवर होत होते. ज्या लाकडी पट्ट्या ते पाय दाबत होते, त्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या घट्ट बांधलेल्या होत्या.

"आई, ह्या चिंध्या कायले बांधल्या?"

"दिवसभर पाय टेकवा लागते न बाई. लाकूड रुतते."

बोलता बोलता दामिनीचे पाय थांबले. तिने हर्षाच्या मांडीवरच्या फडक्याकडे पाहिलं. मग उठली, पेटीतून जुनी चादर काढली आणि माग व पिंजरा यांच्यामध्ये दोरीवर टांगली. "एक काडी बी इकडे दिसली, त पाहजो," ती म्हणाली आणि परत विणायला बसली.

आजोबांनी तळाची जाळी कापून काढली आणि ट्रेच वर सरकवून तळ केला. हर्षाने कोरडं तणस हातांनी चोळून मऊ केलं, जाड थर अंथरला, काळीला आत सोडलं आणि भुरीला अलगद त्यावर ठेवलं. भुरीने तणस हुंगलं, लंगडत थोडी पुढे गेली आणि तिथेच मुतली.

"ई," पडद्यापलीकडून दामिनी म्हणाली. आजोबांनीही तोंड फिरवलं.

हर्षाने ते ओलं तणस मुठीत धरून बाहेर काढलं आणि त्या जागी कोरडं ठेवलं.