मूळपुरुषाचं शिरस्त्राण

धारूरच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या दिपालीबाईंनी मुलांच्या नाटकासाठी प्लास्टिकचं शिरस्त्राण मागवलं. अकरा सुटे तुकडे आले. ते चिकटवून, वर लोखंडी रंग देऊन, कडांना गंज रंगवण्यात त्यांचे चार दिवस गेले. तालीम बघायला आलेले संस्थाचालक अर्जुनराव ते "फोटोपुरतं" म्हणून घरी घेऊन गेले.

नाटक उद्यावर आलं तरी ते परत येईना, म्हणून बाई बंगल्यावर गेल्या. दिवाणखान्यात खिडकीशी, लाल मखमलीवर शिरस्त्राण मांडलेलं होतं. अर्जुनराव पाहुण्यांना सांगत होते, "आमच्या मूळपुरुषाचं हाय. किल्ल्यावरच्या लढाईत हेच घातलं होतं."

बाई पुढं झाल्या तसे ते ओरडले, "हात लावू नका बाई, तीनशे वर्षांचं हाय!"

नोकरी त्यांच्याच संस्थेत होती. बाईंनी हात मागं घेतला.

"न्हाई लावत, साहेब. आमचा सरदार काय, उद्या बोडक्यानं लढंल. पण इथं ऊन लई येतंय. तुमच्या मूळपुरुषाचं लोखंड वितळंल."

पाहुणे हसले. अर्जुनरावही मोठ्यानं हसले, आणि हसत हसतच उठून त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.