चौथे भांडे

हातोडीचे चार घाव बसले, तेव्हा कुठे चौथ्या भांड्याचे झाकण सुटले. भंगारात टाकण्यापूर्वी एकदा आत पाहू, एवढ्याचसाठी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी ते मदतनीस मामांकडून उघडवले होते. बाईंनी चिमट्याने आतली काच उचलली. ती चिमट्यातच भुगा होऊन पडली.

ओव्हनमध्ये अशी बारा पोलादी भांडी एकोणीस वर्षे नव्वद अंशांवर होती. प्रत्येकात थोडे पाणी आणि काचेचा एक तुकडा. किरणोत्सारी कचरा ज्या काचेत मुरवून जमिनीत खोल पुरतात, तीच ही काच. दर सहा महिन्यांनी झाकण उघडायचे, चमचाभर पाणी तपासायला काढायचे, तेवढेच ताजे घालायचे. अकरा तुकडे अजून लखलखीत होते. त्यांच्या भरवशावर बाईंनी लिहून दिले होते, की ही काच लाख वर्षे टिकेल. चौथ्याचे झाकण पहिल्याच वर्षी अडकले होते. राहू द्या, अकरा पुष्कळ झाली, असे तेव्हा बाईच म्हणाल्या होत्या.

"गळलं असेल, बाई," मामा म्हणाले. "मुळात नाठाळच ते."

बाईंनी उघडण्याआधीचे वजन जुन्या नोंदीशी ताडून पाहिले. पाणी थेंबभरही घटले नव्हते. खोट भांड्यात नव्हतीच. काचेतून उतरलेल्या क्षारांनी दाट झालेले पाणीच शेवटी काच खात होते. बाकीच्या भांड्यांत ते आपण दर सहा महिन्यांनी पातळ करत आलो. जमिनीखाली ताजे पाणी घालायला कोण जाणार होते?

संस्थेचे संचालक भांड्यावर खापर फोडतील, अशी बाईंची खात्री होती. भांडायच्या तयारीनेच त्या गेल्या. संचालकांनी मात्र आकडे दोनदा तपासले आणि चष्मा काढून ठेवला.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "लिहा, मीही सही करतो. पण वाचून कुणी करायचं काय? कचरा पुरलेल्या जागेचं तोंड गेल्या वर्षीच काँक्रीटनं बुजवलंय."

बाई परतल्या तेव्हा मामा पाना घेऊन ओव्हनपाशी खोळंबले होते. आज उरलेल्या अकरांत ताजे पाणी घालायचा दिवस. आता ती उघडण्यात काही अर्थ आहे का, असे त्यांनी विचारले.

बाईंनी ताज्या पाण्याची बाटली पुढे ओढली.

"उघडा, मामा," त्या म्हणाल्या. "यांतली काच तरी टिकू दे."