सतरा नंबरचा फोटो

किनवटजवळच्या मुलींच्या आश्रमशाळेत शिल्पा मॅडम ओळखपत्रांच्या फोटोंना हजेरीप्रमाणे ओळीनं नंबर देत होत्या. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये अडतीस फोटो टाकून त्यांनी एकदाच बटण दाबलं. झटक्यात नंबर पडले, पण सोळानंतर एकदम अठरा आला आणि शेवटचा एकोणचाळीस.

त्यांनी सगळं पुसून पुन्हा बटण दाबलं. पुन्हा सतरा गायब.

चहा घेऊन आलेल्या स्वयंपाकीण कावेरीबाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "मॅडम, हा तर आपल्या करिश्माचा नंबर हाय."

करिश्मा दिवाळीत आईबापासोबत ऊसतोडीला गेली, ती परत आलीच नाही. फोन बंद. गेल्या आठवड्यातच मॅडमनी जड मनानं तिचं नाव हजेरीतून कमी केलं होतं.

तिसऱ्यांदा बटण दाबलं, तर फोटो एकोणचाळीस झाले. मॅडमनी सतरावा उघडला. शाळेचं बंद फाटक, आणि त्याच्याबाहेर पाठीवर दप्तर घेऊन हसत उभी असलेली करिश्मा. कोपऱ्यात आजची तारीख आणि वेळ, अकरा वीस.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा सतरा झाले होते.

"चहा राहू द्या, कावेरीबाई," मॅडम उठत म्हणाल्या. "फाटकाची किल्ली द्या."