फॉलो-अप की आफ्टरकेअर
बायकोच्या केसपेपरवर ‘फॉलो-अप’चा कोड पडला की नवरा घरी परतायला मोकळा होणार होता; तिचे उपचार संपेपर्यंतच कोर्टानं त्याला घराबाहेर ठेवलं होतं. म्हणून तो हॉस्पिटलात कोड टाकणाऱ्या बाईंच्या टेबलाशी जावयाच्या तोऱ्यात उभा राहिला. “डॉक्टरांनीच फॉलो-अप लिहिलंय, ताई. तुम्ही त्यांच्याही वर का?” “डॉक्टर दुसऱ्यांदा आलेल्या प्रत्येकाला फॉलो-अपच म्हणतात, भाऊ. फॉलो-अप म्हणजे उपचार संपले, दुखणं मिटलं. तुम्ही मोडलेला तिचा जबडा अजून तारांनी बांधलाय. हे आफ्टरकेअर, उपचार चालूच.” बाईंचा उजवा हात चष्म्यासाठी खणात गेला. नवऱ्यानं लाथेनं खण बंद केला. हाडं कडाडली. “आता टाका फॉलो-अप!” बाई किंचाळल्या, घामानं निथळल्या. डाव्या हाताच्या बोटानं त्यांनी आफ्टरकेअरच टाकलं. पहारेकऱ्यांनी त्याला फरफटत नेलं. पुढचा कोड बाईंच्याच नावावर पडला: नवी दुखापत. जबड्याच्या तारा निघेपर्यंत बायकोला सहा निर्धास्त आठवडे मिळाले. बाईंची तीन बोटं गेली.