दोनशे बारा टिपा

“ही ओळ माणिकप्पाला कळेल का?”

कमलम्मांनी लाल पेन्सिल कागदावर टेकवली आणि सुनेकडे पाहिले. तनुजा नांदेडच्या एका कॉलेजात संगणक शिकवत असे. उदगीरच्या या घरात मात्र गेले तीन रविवार तीच विद्यार्थिनी झाली होती.

“आत्या, आतलं कोडिंग कोण वाचून राहिलंय? लोक येतील, गणितं सोडवतील अन् जातील.”

“छत्तीस वर्षं मी फळ्यावर एक पायरी गाळली नाही. पोरांनी गाळली तर गुण कापले. माझ्या नावाच्या वेबसाइटमध्ये कुणी कुतूहलानं डोकावलं, तर त्याला प्रत्येक पायरी दिसली पाहिजे. ओळीगणिक मराठीत टीप लिही. सातवी शिकलेल्या माणिकप्पाला वाचता येईल अशी.”

तनुजा हसली. “म्हणजे चोरालाच कडी कशी उघडायची ते समजावून सांगायचं की!”

कमलम्मा हसल्या नाहीत.

आयुष्यभर रचलेली गणिती कोडी त्यांनी दोन वह्यांत जपली होती. गेल्या वर्षी लातूरच्या एका मोठ्या शिकवणीचे मालक मृत्युंजय सर यांनी ती कोडी, आकडेसुद्धा न बदलता, स्वतःच्या नावाने पुस्तकात छापली. वह्या उंबऱ्याबाहेर एकदाच गेल्या होत्या, चौकातल्या माणिकप्पाच्या झेरॉक्सच्या दुकानात. “त्याच्याशिवाय कोण?” असे तनुजा म्हणाली आणि ते गल्लीभर झाले. माणिकप्पा दारात येऊन रडला. “महादेवाची आण बाई, म्या एक पान ठिवून घेतलं न्हाई.” कमलम्मांनी त्याला आत या म्हटले नव्हते.

आता सरांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागाची जाहिरात आली होती. या खेपेस नवी कोडी आधी कमलम्मांच्या नावाने, तारखेनिशी जगापुढे यायची होती. आणि ज्याने घात केला, त्याला शिक्षा व्हायची होती. शाळेत कमलम्मा कुणाला एकांतात कधी रागावल्या नाहीत. जी शिक्षा होई, ती भरल्या वर्गासमोर.

“शिवांश कसा आहे?” त्यांनी नातवाची चौकशी केली.

“बरा हाय. मार्क कमी असून सरांनी पहिल्या तुकडीत घेतलं त्याला. लातुरात दुसरीकडं जागाच नव्हती, आत्या. काय करता?”

“शिकू दे. लेकराचा काय दोष?”

तनुजा टिपा लिहीत गेली. ‘येथे उत्तर तपासले जाते. बरोबर असल्यास शाबासकी, चुकल्यास पुन्हा प्रयत्न.’ सासूबाईंनी मान डोलावली.

“कुठं काना-मात्रा चुकली तर तुम्हीच सुधारा,” तनुजाने दाखवून दिले. “टीप माणसासाठी असते. मशीन ती वाचत न्हाई, त्यामुळं काहीच बिघडत न्हाई.”

पुढच्या रविवारी ती बोटे मोडत म्हणाली, “दोनशे बारा टिपा झाल्या बघा.”

“मोजल्या मी.”

तो आठवडा कमलम्मांनी शाळेतल्या संगणकापुढे काढला. चाळीस नवी कोडी स्वतः साठवली. मग सगळ्या ओळी छापून घेतल्या आणि लाल पेन्सिलीने एकेकीवर खूण करत गेल्या. एका जागी पेन्सिल थांबली. त्यांनी तिला टोक काढले आणि पुढे सरकल्या.

“उद्घाटनाला मृत्युंजय सरांना बोलाव,” त्यांनी फोनवर फर्मावले. “माणिकप्पालाही. दोघं पहिल्या रांगेत.”

“सरांना कशाला, आत्या? शिवांश तिथं हाय.”

“शिवांशला धक्का लागणार नाही. शब्द देते.”

शाळेचे सभागृह भरले. मृत्युंजय सर शाल सावरत म्हणाले, “ज्ञान वाटल्यानं वाढतं, बाई.”

“वाटणारा निराळा, सर, आणि उचलणारा निराळा.”

सभागृहात हशा पिकला. सरांनी पाण्याचा पेला उचलला. तनुजाही मान खाली घालून हसली.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर वेबसाइटच्या आतल्या ओळी उमटल्या. कमलम्मांनी माणिकप्पाला माइकपाशी बोलावले. “सातवी शिकलेल्याला समजतं का, ते आज सगळ्यांना पाहू दे. नुसत्या टिपा वाच.”

माणिकप्पाने दबक्या आवाजात सुरुवात केली. पण चार टिपांतच आवाजाला धार आली. “आयला, हे तर समद्यालाच कळतंय की!” तो म्हणाला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो वाचत गेला. पंचवीस, पन्नास, शंभर.

“आत्या, पुरे करा,” तनुजा अर्धवट उठली. “लोक कंटाळून राहिलेत.”

“बस खाली. पायरी गाळायची नाही.”

आणखी चाळीस टिपा झाल्या आणि माणिकप्पा अडखळला. त्याने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. मृत्युंजय सरांकडे पाहिले, मग कमलम्मांकडे.

“बाई, हे बी वाचू?”

“वाच. दोनशे बारांच्या वर घातलेली ही दोनशे तेरावी टीप. माझ्या हातची.”

“‘माणिकप्पा, मला क्षमा कर,’” त्याने वाचले. “‘ही ओळ माझ्या सुनेची. तिने एवढ्या एकाच ओळीला टीप दिली नव्हती, म्हणून मी देते. येथून माझे प्रत्येक नवे कोडे, याच ओळीत लिहिलेल्या ई-मेलवर, मृत्युंजय सरांकडे जाते.’”